स्वायत्तता दिल्याने देश फुटतो का?

दक्षिणायन
एखाद्या वांशिक किंवा भाषिक अल्पसंख्य समाजाने स्वशासन मागितलं की ठरलेलं उत्तर येतं: आज परिषद मागतायत, उद्या देश मागतील. बोट दिलं की हात धरतील. मला हे मुळातच पटत नाही. घर फुटतं ते बहुतेक वेळा दिलेलं काढून घेतल्यावर.

इरिट्रिया बघा. १९५२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ठरावानुसार तो इथिओपियाशी संघराज्य म्हणून जोडला गेला. स्वतःचं विधिमंडळ, स्वतःचा ध्वज, तिग्रिन्या आणि अरबी भाषांना मान्यता. सम्राट हैले सेलासीच्या राजवटीने यातली एकेक गोष्ट कुरतडली आणि १९६२ मध्ये त्याला साधा प्रांत करून टाकलं. १९६१ मध्ये पेटलेलं युद्ध तीस वर्षं चाललं आणि १९९३ मध्ये वेगळा देश झाला. कोसोव्होची स्वायत्तता १९८९ मध्ये सर्बियाने छाटली; पुढे युद्ध झालं आणि कोसोव्होने स्वातंत्र्य जाहीर केलं.

आता दक्षिण टिरोल. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन भाषकांचा हा डोंगराळ मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला. मुसोलिनीच्या काळात जर्मन शाळा बंद, गावांची नावं बदललेली, थडग्यांवरही जर्मन अक्षर चालेना. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रियाशी स्वायत्ततेचा करार झाला, पण १९४८ च्या कायद्यात हा जिल्हा शेजारच्या त्रेंतिनोला असा जोडला की एकत्रित प्रदेशात बहुमत इटालियन भाषकांचंच राहिलं. म्हणजे लोकांच्या तोंडाला पानं पुसली. १९६१ च्या जूनमध्ये एका रात्रीत विजेचे डझनावारी मनोरे उडवले गेले. १९७२ मध्ये खरी स्वायत्तता मिळाली आणि १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचं संयुक्त राष्ट्रांना कळवलं. प्रांत अजूनही इटलीतच आहे.

पायवाट
असहमत. सोयीची उदाहरणं निवडली आहेत. सोव्हिएत संघ कुठून फुटला? आधीच आखून दिलेल्या पंधरा प्रजासत्ताकांच्या सीमांवरून. युगोस्लाव्हियाही तसाच. स्वायत्तता दिली की विधिमंडळ, नेते, अंदाजपत्रक, पाठ्यपुस्तकं असं सगळं तयार मिळतं. उद्या वेगळं व्हायचं म्हटलं तर फक्त पाटी बदलायची. स्पेनमधल्या कातालोनियाला १९७९ पासून स्वायत्तता होती, तरी २०१७ मध्ये स्वातंत्र्यासाठी सार्वमत झालंच ना?

शिवाय दक्षिण टिरोल आपल्या करातला सुमारे नऊ दशांश हिस्सा स्वतःकडे ठेवतो. श्रीमंत देशाला ते झेपतं. गरीब देशाने काय करायचं?

दक्षिणायन
कातालोनियाची मधली पायरी तुम्ही गाळलीत. २००६ चा स्वायत्तता कायदा स्पेनच्या संसदेने संमत केला, लोकांनी सार्वमतात मान्य केला, आणि २०१० मध्ये घटनात्मक न्यायालयाने त्यातली १४ कलमं पूर्णतः किंवा अंशतः रद्द केली. आर्थिक मंदीचाही हात होता, पण स्वातंत्र्याच्या मागणीने जोर धरला तो त्यानंतर. सोव्हिएत प्रजासत्ताकांची स्वायत्तता तर कागदावरच होती, सत्ता पक्षाकडे.

गरीब देशाचं म्हणाल तर आचेह बघा. २००५ च्या हेलसिंकी करारात तेल-वायूच्या उत्पन्नातला ७० टक्के वाटा आचेहला देण्याचं इंडोनेशियाने मान्य केलं. बंडखोरांनी शस्त्रं टाकली, स्वातंत्र्याची मागणी सोडली आणि पुढच्याच वर्षी त्यांच्यातलाच माणूस गव्हर्नर म्हणून निवडून आला.

नीलमोहर
तुम्ही दोघंही राजधानीत बसून विचार करताय. देश फुटेल की राहील, एवढाच प्रश्न? स्वायत्ततेच्या आत जे अडकतात त्यांचं काय?

त्याच आचेहमध्ये शरियतखाली लोकांना चव्हाट्यावर वेताचे फटके मारतात. बोस्नियात शांततेसाठी अध्यक्षमंडळाच्या तीन जागा बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब यांना वाटून दिल्या. मग रोमा समाजातले सेज्दिच आणि ज्यू समाजातले फिंची यांनी निवडणूक लढवायची कुठून? २००९ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. दशक उलटलं तरी घटना बदलली नाही.

आणि सांता क्लारा. अमेरिकेतल्या या आदिवासी वस्तीच्या १९३९ च्या नियमानुसार पुरुषाने जमातीबाहेर लग्न केलं तर मुलं जमातीची, बाईने केलं तर मुलं परकी. ज्युलिया मार्टिनेझची मुलं तिथेच वाढली, तीच भाषा बोलत होती. पण त्यांना जमातीत मत नाही, आईच्या माघारी राहण्याचा हक्क नाही, तिचं घर वारशाने मिळणार नाही. १९७८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा जमातीचा अंतर्गत प्रश्न आहे, आम्ही पडणार नाही. त्या बाईने कुठे जायचं होतं?

अरण्या
प्रश्न खरा आहे, पण दोष चुकीच्या दारात टाकताय. कॅनडात मूलनिवासी बाईने बाहेर लग्न केलं की तिचा दर्जा जायचा. हा नियम कुठल्या जमातीने केला नव्हता, कॅनडाच्या संसदेने केला होता आणि तो १९८५ पर्यंत चालला. बायकांवरचा अन्याय ही स्वायत्ततेची मक्तेदारी नाही. बहुसंख्यांनी आपल्या कायद्यात तेच केलं, तेव्हा त्यांचं स्वशासन काढून घ्या असं कुणी म्हटलं नाही.

नीलमोहर
काढून घ्या असं मीही म्हणत नाहीये! पण कॅनडातल्या सँड्रा लवलेसला संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीकडे जाता आलं, १९८१ मध्ये निष्कर्ष तिच्या बाजूने लागला आणि चार वर्षांत कायदा बदलला. बाहेर दाद मागायची सोय होती म्हणून. स्वायत्ततेच्या प्रत्येक करारात तेवढी सोय हवी. गटाला अधिकार द्या, पण गटाविरुद्ध दाद मागण्याचा माणसाचा हक्क शिल्लक ठेवून.

अरण्या
आणि ज्या न्यायालयात ती दाद मागायची, तिथले न्यायाधीश कोण? बहुधा बहुसंख्य समाजातलेच. मिश्र न्यायपीठ असेल तर माझी तयारी आहे.

पायवाट
मग जमिनीचा संबंधच तोडा. एस्टोनियाने १९२५ मध्ये ते करून दाखवलं. तीन हजारांहून मोठ्या अल्पसंख्य गटाने नावनोंदणी करून आपली सांस्कृतिक परिषद निवडायची, सदस्यांकडून कर घ्यायचा, शाळा चालवायच्या. जर्मन आणि ज्यू समाजांनी तशा परिषदा उभ्या केल्या. ना सीमा, ना फुटण्याची भीती. नोंदणी ऐच्छिक, त्यामुळे नीलमोहर यांचाही प्रश्न बराचसा सुटतो. नको असेल त्याने नाव काढून घ्यावं.

दक्षिणायन
शाळेपुरतं उत्तम. पण ज्यांचं जगणंच जमिनीवर आहे त्यांचं काय? नॉर्वेत सामी या मूलनिवासी लोकांची १९८९ पासून निवडून आलेली संसद आहे. तरी फोसेनला त्यांच्या रेनडिअरच्या चराईवर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, कारण परवाना नाकारायचा अधिकार त्या संसदेकडे नव्हता. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने परवाने अवैध ठरवले. निकालानंतर ५०० दिवस उलटले तरी पाती फिरतच होती, म्हणून २०२३ मध्ये सामी तरुणांनी ओस्लोत मंत्रालयाची दारं अडवली. अशा ठिकाणी नोंदवहीतली परिषद काय करणार, ते सांगा.

पायवाट
चराईच्या जमिनीबाबत नकाराधिकार द्यावा, हे मान्य. पण तेवढ्याच जमिनीपुरता आणि तेवढ्याच विषयापुरता. त्यासाठी वेगळं विधिमंडळ आणि वेगळी तिजोरी का लागावी, हे अजूनही मला पटलेलं नाही.