विषय: रविवार, पार्ले – ट्रॅम्पोलिनचं काय करायचं?

प्रेषक: माई (क्रीडा)

मंडळी,
रविवारच्या मेळाव्यात नानांच्या अंगणातली ट्रॅम्पोलिन मुलांना खुली ठेवायची की नाही, ते आज रात्रीपर्यंत ठरवा. काल जाऊन बघून आले. जाळी दोन ठिकाणी उसवली आहे, स्प्रिंगांवरची गादी उन्हाने फुटली आहे, दोन-तीन स्प्रिंगा पावसाळ्यात गंजल्या आहेत. खाली पेव्हर ब्लॉक, वर नारळ. नाना म्हणतात, काही होत नाही. हे उत्तर घेऊन मी आयांसमोर उभी राहणार नाही. गेल्या डिसेंबरात पोत्यांच्या शर्यतीनंतर काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

प्रेषक: नाना

माई,
जाळी शिवून घेतो. गादी रेक्झिनवाल्याकडून नवीन करून घेतो, गंजलेल्या स्प्रिंगा बदलतो. नारळवाला शुक्रवारी येऊन नारळ आणि वाळक्या झावळ्या उतरवतोय. पेव्हर ब्लॉक निघणार नाहीत, खालून ड्रेनेजची लाइन आहे. न्यू जर्सीहून कंटेनरमधून ट्रॅम्पोलिन आणली ती नातवंडांनी खेळावं म्हणूनच. तिकडे परसात आमची मुलं तिच्यावरच वाढली. एकदा जाळी नीट झाली की बाहेर पडायचा प्रश्नच नाही.

प्रेषक: चिकूची आई

नानाकाका,
जाळीने थोडंच भागतं. मी तिकडे लहान मुलांच्या हाडांच्या विभागात नर्स आहे, म्हणून सविस्तर लिहिते. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने, म्हणजे तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने, २०१२ साली यावर निवेदन काढलं आणि घरी ट्रॅम्पोलिन वापरूच नये असा सल्ला दिला. त्यात बाहेर पडून झालेल्या दुखापती २७ ते ३९ टक्के आहेत. बाकीच्या आतल्या आतच होतात. आणि सुमारे तीन-चतुर्थांश दुखापती एका वेळी एकाहून जास्त जण उड्या मारत असताना होतात. त्यातही सगळ्यात लहान मुलाला दुखापत होण्याची शक्यता वजनदार गड्याच्या १४ पटींपर्यंत जाते.

कारण असं, की मोठा मुलगा आपटला की ताणलेलं कापड उसळी घेऊन वर येतं, आणि नेमकं त्याच क्षणी छोटं खाली येत असतं. त्याच्या पायाखाली मऊ कापड नसतं, वर येणारा फटका असतो. गुडघ्याच्या जरा खाली नडगीचं हाड मोडतं, तेही पोर कुठेही न पडता. म्हणून सहा वर्षांखालच्यांना अजिबात नको, आणि बाकीच्यांना एका वेळी एकच. कोलांटी बंद, कारण मानेवर पडलं तर आयुष्यभराचं होऊन बसतं.

प्रेषक: बापू, मुलुंड

एका वेळी एक? पंचवीस-तीस पोरं आहेत. सगळी सकाळ रांगेत जाईल, आणि रांगेत उभी राहिलेली पोरं काय करतात ते मी दर वर्षी बघतो. सारख्या वयाची, सारख्या अंगाची दोघं सोडली तर काय बिघडेल? शिवाय आईबाप शेजारी उभे असतातच की.

प्रेषक: चिकूची आई

बापूकाका, दोघांची डोकी एकमेकांवर आपटायला वय सारखं असलं तरी पुरतं. आईबापांचं म्हणाल तर त्याच निवेदनात आहे, एक-तृतीयांश ते निम्म्या दुखापती मोठं माणूस लक्ष ठेवून असताना झाल्या आहेत. नुसतं शेजारी उभं राहून उपयोग नाही. "आता तू उतर" असं म्हणणारं, हातात मोबाइल नसलेलं एक माणूस लागतं.

प्रेषक: अक्का, दादर

शिवाजी पार्कच्या समर्थ व्यायाम मंदिरात माझा धाकटा मल्लखांब करायचा. खाली गाद्या, बाजूला शिक्षक, खांबावर एकच मुलगा. बाकीची पोरं रांगेत बसून बघायची आणि बघूनच अर्धं शिकायची. रांगेला इतकं घाबरायचं कारण नाही, बापू. आपल्या मुलांना थांबायची सवय राहिलेली नाही, हे माझं जुनंच दुखणं आहे. लहानग्यांसाठी मी लगोरी घेते. फरशीचे तुकडे नकोत, लाकडी ठोकळे घरात आहेत.

प्रेषक: भाऊ, ठाणे

अक्का, पुरलेला की दोरीचा? दोरीचा मल्लखांब आमच्या मुलीने दोन वर्षं केला. मेळाव्यात त्याचंच प्रात्यक्षिक ठेवा ना, शिक्षकांना मी विचारतो.

प्रेषक: माई (क्रीडा)

भाऊ, कार्यक्रम ठरलेला आहे. नवीन काही घालायचं असेल तर आधी क्रीडा समितीला कळवायचं, असं मागच्या बैठकीत ठरलं होतं. लगोरीला हरकत नाही.

प्रेषक: नाना

चिकूच्या आईने लिहिलेलं रात्री दोनदा वाचलं. पाच वर्षांचा नातू रोज मोठ्या बहिणीबरोबर उड्या मारतो, ते आजपासून बंद केलं. त्याने रडून घर डोक्यावर घेतलंय. ट्रॅम्पोलिन कंपाउंडच्या भिंतीपासून ओढून अंगणाच्या मध्यावर घेतली आहे. भोवती घरातल्या गाद्या टाकायच्या का?

प्रेषक: चिकूची आई

टाका, पण त्यांच्या भरवशावर नियम सैल करू नका. पाय चारही बाजूंनी सपाट टेकले आहेत ना, तेवढं बघा. पेव्हर एकीकडे खचलेले असले तर कापड कलतं आणि मूल कडेला फेकलं जातं. स्प्रिंगा नाही मिळाल्या तर ट्रॅम्पोलिन बंदच ठेवा.

प्रेषक: माई (क्रीडा)

ठरलं. शनिवारी संध्याकाळी चिकूची आई येऊन बघेल, तिने हो म्हटलं तरच खुली. सहा वर्षांपुढचे, एका वेळी एक, दोन मिनिटं, खिशात काही नाही. दहा ते अकरा बापू उभे राहतील, अकरा ते साडेबारा मी. साडेबाराला शिडी काढून घराच्या आत ठेवायची, म्हणजे जेवणाच्या वेळी कोणी गुपचूप चढणार नाही.

प्रेषक: भोजन समिती

माई, पानं एकला मांडणार आहोत, साडेबाराला नाही. मसालेभात आधी करून गार होतो अशी तक्रार दर वेळी आमच्याकडेच येते. मधल्या अर्ध्या तासात मुलांचे हात धुवून घ्या. अंगणातला नळ चालू आहे का, नाना?

प्रेषक: नाना

चालू आहे. शिडी माझ्या खोलीत कुलपात राहील.