संदेश आला, बोअर घेतला, फुफाटा निघाला. संदेशाचं कृपादान अजून आहे का?

मोसंबीवाला (अंबड)

जय ख्रिस्त. प्रश्न सरळ आहे, पण घडलं ते सांगितल्याशिवाय विचारता येत नाही.

आमचं घराणं जुन्या मिशनचं. पणजोबा जालन्याजवळच्या बेथेलचे, म्हणजे रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी वसवलेल्या गावातले. आमच्याकडं संदेश म्हणजे पाळकसाहेबांचं रविवारचं प्रवचन, बास. बायकोचं माहेर मात्र पेंटेकॉस्टल, तिथं संदेश म्हणजे पवित्र आत्मा माणसाच्या तोंडून बोलतो ते, त्यामुळं दर शुक्रवारी घरी उपास-प्रार्थना असते आणि मी चहाच्या वेळेला बरोबर हजर होतो.

गेल्या एप्रिलात बाहेरगावचे एक ब्रदर आले. प्रार्थना चालू असताना डोळे मिटूनच म्हणाले, "प्रभू मला तुमच्या शेतातला एक लिंब दाखवतोय. त्याच्याखाली तीनशे फुटांवर पाणी आहे." लिंब आमच्या बांधावर आहे. (मराठवाड्यात कोणाच्या बांधावर नाही?) अडीच एकर मोसंबी, अंबिया बहाराची फळं गोटीएवढी झालेली, विहीर तळाला गेलेली. अशा वेळी माणूस फार विचार करत नाही.

बोअरची गाडी बोलावली. तीनशेला फुफाटा. ब्रदरना फोन लावला तर म्हणाले, अजून खाली जा. साडेचारशेला फुफाटा. सहाशे वीसला गाडीवाला म्हणाला, "दादा, आता पाताळ लागंल." राखाडी भुकटी झाडांच्या पानांवर अशी बसली की पहिल्या पावसापर्यंत बाग म्हातारी दिसत होती. गाडीचे एक लाख दहा हजार गेले. संदेश मिळाला म्हणून आभाराचं दान पाच हजार, ते आधीच दिलेलं. नंतर ब्रदरचा निरोप आला की घरात कोणाचा तरी विश्वास कमी पडला. सगळे माझ्याकडं बघू लागले.

चुलती म्हणाली, "पाणाड्या नारळ आणतो, ह्यानं बायबल आणलं."

तर हे कृपादान, म्हणजे आत्म्याची ही देणगी, येशूच्या पहिल्या प्रेषितांबरोबर संपलं का अजून आहे? संपलं असेल तर विषय मिटला. असेल तर माझ्या बांधावर झालं ते काय होतं?

निवृत्त मास्तर (छत्रपती संभाजीनगर)

संपलं. इफिसकरांस पत्रात मंडळीची इमारत प्रेषित आणि संदेष्टे यांच्या पायावर रचली आहे असं म्हटलंय. पाया एकदाच भरतात, दर मजल्याला नाही. इब्री लोकांस पत्राची सुरुवातही तीच: पूर्वी देव संदेष्ट्यांच्या द्वारे बोलला, शेवटी पुत्राच्या द्वारे बोलला.

आणि हे प्रकार नवे नाहीत. दुसऱ्या शतकात फ्रुगियात (आजच्या तुर्कस्तानात) माँटानस आणि त्याच्याबरोबरच्या दोन बाया, प्रिस्किला नि मॅक्सिमिला, असेच संदेश देत होत्या. मॅक्सिमिला म्हणाली होती की माझ्यानंतर संदेष्टा नाही, थेट शेवट. तिला जाऊन अठराशे वर्षं होऊन गेली. तुमचा सहाशे वीस फुटांचा खड्डा त्याच घराण्यातला.

नांदेडची ताई

मास्तर, सलाम. पाया आम्हालाही मान्य आहे. वचनात भर घालायची असं कोण म्हणतंय? पण पेत्रानं आत्मा उतरला त्या पेन्टेकॉस्टच्या दिवशी योएल संदेष्ट्याचं वचन सांगितलं, तुमचे पुत्र व तुमच्या कन्या संदेश देतील, त्याला मुदत कुठे घातली? फिलिप्पाच्या चार मुली संदेश देत होत्या, त्या काही प्रेषित नव्हत्या. 1 करिंथ 13 मध्ये संदेश रद्द होतील असं आहे खरं, पण "पूर्ण ते येईल तेव्हा". तुमच्या बाजूचे म्हणतात पूर्ण म्हणजे बायबल पूर्ण झालं. पुढच्याच ओळींत पौल "तोंडोतोंड" पाहण्याचं बोलतो. पुस्तक तोंडोतोंड भेटतं का?

आणि लांब फ्रुगियाला कामून जायचं? 1905 मध्ये केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींवर आत्मा उतरला, अमेरिकेतल्या अझुसा स्ट्रीटच्या प्रसिद्ध पेंटेकॉस्टल जागृतीच्या एक वर्ष आधी.

मोसंबीवाले भाऊ, ब्रदर चुकले ते पाणी लागलं नाही तिथं नाही. "तुमचा विश्वास कमी" म्हणाले, तिथं चुकले.

किल्लारीकर

ताई, आधीपण चुकलेच की. बायबलातल्या अनुवाद पुस्तकाचा 18वा अध्याय वाचा. परमेश्वराच्या नावानं बोलला आणि तसं घडलं नाही, तर ते बोलणं परमेश्वराचं नाही. ऐकणाऱ्याच्या विश्वासाचा तिथं प्रश्नच नाही.

मी अकरा वर्षांचा होतो. 30 सप्टेंबर 1993, अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन करून गाव झोपलेलं, पहाटे चारच्या आत भूकंपानं सगळं खाली. आठवड्यानं आमच्या तंबूत एक प्रचारक आला. म्हणाला, आम्हाला हे आधीच दाखवलं होतं. माझी आजी चुलीपाशी होती. तिनं मान वर न करता विचारलं, "मग सांगायला का नाही आलास?" तो चहा न घेता गेला.

बायबलातला अगब संदेष्टा मात्र आधी सांगायला आला होता. प्रेषितांची कृत्ये 11. दुष्काळ पडणार म्हणाला, आणि तो रोमच्या क्लौद्य बादशहाच्या काळात पडला. अंत्युखियाच्या मंडळीनं काय केलं बघा: ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणं पैसे काढले आणि बर्णबा-शौलाच्या हाती यहूदीयातल्या भावांना पाठवले. अगबाला काय दिलं ते लिहिलेलंच नाही. आपण 72 चा दुष्काळ ऐकलेली, 2016 ला मिरजेहून लातूरला रेल्वेनं आलेलं पाणी प्यालेली माणसं. दुष्काळाचा संदेश कशासाठी असतो ते आपल्याला कळायला पाहिजे.

मास्तरांएवढं ठामपणे संपलं मी म्हणणार नाही. पण 1 करिंथ 14:29 मध्ये दोघातिघांनी बोलावं आणि इतरांनी निर्णय करावा असं आहे. तुमच्या घरी त्या शुक्रवारी निर्णय कोणी केला?

मोसंबीवाला (अंबड)

कोणीच नाही. सगळे आमेन म्हणाले, मीपण. खोटं कशाला बोलू, पाणी मलाच पाहिजे होतं.

मास्तर, तुमचं म्हणणं पटवून घ्यायला मला सोपं गेलं असतं, पण एक गोष्ट अडते. 2013 चा उन्हाळा. आधीची बाग वाळली होती, मीच कुऱ्हाड लावत होतो. एका पहाटे चुलती गावातून शेतापर्यंत चालत आली, फडक्यात दशमी अन् चटणी. म्हणाली, "रात्रभर तुझं नाव येत होतं. काय आहे ते मला ठाऊक नाही. खा आधी." मी त्या पहाटे विहिरीकडं कशाला निघालो होतो ते इथं लिहीत नाही. तिनंही विचारलं नाही. माझी दशमी संपेपर्यंत बसली आणि उन्हाच्या आत परत गेली.

हीच ती चुलती, नारळवाली. तिला विचारलं तो संदेश होता का, तर म्हणते, "संदेश बिंदेश काय नाय, झोप येईना म्हणून आले."

निवृत्त मास्तर (छत्रपती संभाजीनगर)

याला मी देवाची तरतूद म्हणेन, संदेश नाही. पण शब्दावरून तुमच्याशी भांडणार नाही. चुलतीला माझा सलाम सांगा.

नांदेडची ताई

मास्तर, मी त्यालाच संदेश म्हणते. उन्नती, उत्तेजन, सांत्वन. पौलानं तीनच कामं सांगितलीत, बोअर त्यात नाही. 😊

मोसंबीवाला (अंबड)

ब्रदर या शुक्रवारी परत येणार आहेत. बायकोनं 14:29 स्वतःच्या हातानं वहीत उतरवून घेतलंय आणि "विचारते मी" म्हणाली. पाच हजारांचं विचारायचं का नाही ते तिच्यावर सोडलंय.

किल्लारीकर

विचारू द्या. आणि त्या बोअरच्या तोंडावर आधी झाकण बसवा, शेतात लेकरं खेळतात.