ब्रिन टर्फेल आणि वेल्श: गाण्यानं भाषा जगते का?

रानजाई:
ब्रिन टर्फेल म्हणजे ऑपेरातला खूप मोठा बास-बॅरिटोन, म्हणजे खालच्या, भारदस्त आवाजाचा गायक, वाग्नरचा वोटान, मोझार्टचा फिगारो अशा सगळ्या भूमिका जगभर गाऊन झालेला. पण मूळचा उत्तर वेल्समधल्या पान्त ग्लासचा, शेतकऱ्याचा मुलगा, घरात वेल्शच, आणि गळा तयार झाला तो आधी वेल्श गाण्यांवर. ६ मे २०२३ ला राजा चार्ल्सच्या राज्याभिषेकात त्याने 'प्रभू, दया कर' ही प्रार्थना वेल्शमध्ये गायली, चाल पॉल मीलर या वेल्श संगीतकाराची. राज्याभिषेकात वेल्श गायली गेली ती पहिल्यांदाच. मी लाईव्ह बघत होते, एक शब्द कळत नव्हता तरी डोळ्यात पाणी आलं. भाषणांनी जे होत नाही ते अशा एका गाण्यानं होतं असं मला मनापासून वाटतं.

खडीसाखर_७:
अजिबात पटलं नाही. गाणं सुंदर आहे, वादच नाही, पण २०११ च्या जनगणनेत वेल्श बोलणारे ५ लाख ६२ हजार होते ते २०२१ ला ५ लाख ३८ हजारांवर आले, म्हणजे १९ टक्क्यांवरून १७.८. टर्फेल तेव्हाही गातच होता ना? वेल्शला जे मिळालं ते भांडून मिळालंय. वेल्श टीव्ही चॅनलचं वचन सरकारने फिरवलं तेव्हा १९८० मध्ये ग्विनफोर एव्हान्स या वेल्श राष्ट्रवादी नेत्याने आमरण उपोषणाची घोषणा केली, म्हणून सरकार नमलं आणि १९८२ ला एस-फोर-सी हे चॅनल सुरू झालं.

रानजाई:
भांडायचं बळ कुठून आलं पण? ज्या भाषेवर जीव आहे तिच्यासाठीच माणूस उपाशी बसायला तयार होतो, आणि तो जीव लहानपणी कानावर पडलेल्या गाण्यातून जडतो.

तानपुरा:
इथे एक गोष्ट राहतेय. टर्फेल ज्या वातावरणात वाढला तिथे आयस्टेधवड असतात, म्हणजे काव्य-गायनाच्या स्पर्धा, गावपातळीपासून राष्ट्रीयपर्यंत, आणि राष्ट्रीय आयस्टेधवडमध्ये सगळा कारभार वेल्शमध्येच चालतो. तिथला एक प्रकार आहे केर्ध दान्त. हार्पवर एक चाल सुरू होते, गाणारा लगेच येत नाही, थोडं थांबून मधेच शिरतो आणि कविता *वेगळ्याच* चालीवर म्हणतो, दोन्ही चाली आपापल्या वाटेने चालतात आणि शेवटी बरोबर एकत्र संपतात. आपण समेवर येतो तसंच वाटतं ऐकताना. आणि चाल कवितेच्या वजनाला धरून बांधायची असते, शब्दावरचा आघात चुकला की गेलंच. म्हणजे भाषा नीट आल्याशिवाय हे गाताच येत नाही. आपल्याकडे बंदिशीचा अर्थ न कळता वर्षानुवर्षं ख्याल गाणारे मी बघितलेत, तिथे तसं चालत नाही. म्हणून गाणं वेगळं आणि भाषा वेगळी हा हिशोबच मला चुकीचा वाटतो.

खडीसाखर_७:
केर्ध दान्तबद्दल मान्य, हे माहीत नव्हतं. पण ते गावातल्या स्पर्धेचं झालं, राज्याभिषेकाचं काय? याच राजगादीने १५३६ च्या कायद्याने वेल्शला कोर्टातून बाहेर काढलं, इंग्रजी वापरणार नाही त्याला सरकारी पदच नाही. पावणेपाचशे वर्षांहून जास्त काळाने त्याच दरबारात प्रार्थनेपुरती जागा दिली तर तो भाषेचा सन्मान कसा? मला ते बघून वाईट वाटलं, खरंच.

तानपुरा:
तुमचा राग समजतो, वेल्समध्येही बऱ्याच जणांना राजा नकोच आहे. पण ती जागा सोडली असती तर तिथे काय ऐकू आलं असतं?

कार्डिफकर:
आम्ही इथे वेल्समध्ये नऊ वर्षं आहोत, मुलगी वेल्श माध्यमाच्या शाळेत जाते. खडीसाखर, नुसत्या गाण्यानं भागत नाही हे तुमचं खरं आहे, शाळेशिवाय आमच्या मराठी घरात वेल्श आलीच नसती. पण शाळेत शिकलेलं घरी येतं ते गाणं होऊन, उर्ध या वेल्श युवक संघटनेच्या, म्हणजे मुलांच्या आयस्टेधवडची तयारी सुरू झाली की दोन महिने स्वयंपाकघरात तेच, आणि आजी फोनवर पुण्याहून ऐकते. उर्ध दरवर्षी टर्फेलच्या नावाने तरुण कलाकारांना स्कॉलरशिप देते, ती मिळवणारे पोरांना माहीत असतात. आत्ता हा धागा मोठ्याने वाचत होतो तर ती म्हणाली, बाबा, टर्फेल नाही, टर्व्हेल, वेल्शमध्ये एक एफ म्हणजे व्ह, फ पाहिजे असेल तर दोन एफ लिहितात.