भाऊ जेलात आहे, पायाची जखम चिघळली, जेलवर केस करता येते काय?

कपाशीवाला:
मोठा भाऊ 7 महिन्यांपासून जिल्ह्याच्या जेलात आहे, धुऱ्याच्या भांडणाची केस, शिक्षा बिक्षा काही नाही, नुसती तारीख पे तारीख. त्याले शुगर आहे. पायाले जखम झाली तं आतले लोक पट्टी बांधून देतात, मोठ्या दवाखान्यात न्या म्हटलं तं पोलीस गार्ड नाही म्हणतात, असं 3 डाव झालं, आता अंगठा काळा पडला. मुलाकातीच्या दिवशी अर्ज देल्ला तं ठेवून घेतला पण शिक्का नाही मारला. गावातले म्हणतात चूप राय, आत त्यालेच त्रास देतील. सोयाबीनचे आले तेवढेच पैसे आहेत.

संत्रा_बाग:
केसचं मागून पाहू भाऊ, पयले अंगठा. जिथं त्याची तारीख असते त्याच कोर्टात दवाखान्याचा अर्ज टाका. आमच्या काकाच्या टाइमाले जजसाहेबांनी ऑर्डर काढली अन् दुसऱ्याच दिवशी गार्ड कुठून निघाला देव जाणे.

कोर्टाच्या_पायऱ्या:
केस करता येते. आत गेला म्हणून राज्यघटनेच्या कलम 21 चा (जगण्याचा) हक्क संपत नाही, हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात घटनेच्या कलम 226 खाली रिट (हक्कासाठी सरकारविरुद्धची याचिका) टाकता येते. वकिलाच्या पैशाचं टेन्शन नका घेऊ, 1987 च्या विधी सेवा कायद्यात कस्टडीतल्या माणसाला फुकट वकील आहे, उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. जिल्हा कोर्टातच त्यांचं ऑफिस असते, नाहीतर 15100 ला फोन लावा. भरपाई रिटमध्येही मिळू शकते, बिहारचा रुदुल शाह निर्दोष सुटूनही 14 वर्षं आतच सडला, सुप्रीम कोर्टाने 1983 ला 35,000 रुपये द्यायला लावले (14 वर्षांचे एवढेच, पण रस्ता उघडला). दिवाणी दावा टाकायचा तर सरकारला आधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 ची नोटीस अन् 2 महिने थांबा, शुगरवाल्याचा अंगठा तेवढा थांबत नसते.

वर्धेकर_ताई:
त्रासाचं भेव खरं आहे दादा, खोटं नाही सांगत. पण तिहारच्या सुनील बत्राने आतूनच दुसऱ्या कैद्याच्या मारहाणीचं पत्र लिहिलं होतं, सुप्रीम कोर्टाने ते पत्रच याचिका धरलं. तुम्ही तर बाहेर आहात. जेलचा अर्ज आता स्पीड पोस्टाने पाठवा, पावती जपून ठेवा, पुढं तीच कामी येते. अन् तब्येतीवर जामीन मागितला का वकिलाने?

कपाशीवाला:
नाही मागितला, त्याले सुचलंच नाही वाटते. परवा पेशी आहे, तिथंच दोन्ही अर्ज द्यायले लावतो. शुगरचे जुने कागद झेरॉक्स चालतात काय?

कोर्टाच्या_पायऱ्या:
चालतात. ओरिजनल हातचे सोडू नका, कोणी मागितले तरी.