शब्दचर्चा : संतचरित्रातला ‘लेजेंड’ म्हणजे दंतकथा का?

विचारणा

मंडळी, हंगेरीची संत एलिझाबेथ (1207–1231) हिच्यावरचा एक लेख मराठीत आणते आहे. काही शब्दांपाशी अडले. मूळ लेखात तिच्या जुन्या चरित्राला सरसकट ‘लेजेंड’ म्हटलंय. मी ‘दंतकथा’ लिहिलं, पण लगेच पुढे त्याच मजकुराचे साक्षीदार, तारखा, पोपने नेमलेले चौकशी अधिकारी हे सगळं येतं आणि वाक्य आपल्याच अंगावर उलटतं. ‘आख्यायिका’ घालून पाहिलं, तेही बसेना. शिवाय ‘ट्रान्सलेशन’, ‘रेलिक’, ‘कन्फेसर’ आहेतच. 1 मे 1236 रोजी एलिझाबेथचं ‘ट्रान्सलेशन’ झालं, असं एक वाक्य आहे. ते मराठीत कसं लिहावं?

प्रतिसाद

ताई, ‘दंतकथा’ आधी काढून टाका. लॅटिनमध्ये ‘लेजेरे’ म्हणजे वाचणे, आणि ‘लेजेंडा’ म्हणजे ‘वाचायचं ते’. आपल्याकडे ‘कर्तव्य’, ‘पठनीय’ ही रूपं जशी होतात त्याच धाटणीचं हे रूप आहे. संताच्या सणाच्या दिवशी मठात रात्रीच्या प्रार्थनेत आणि भोजनगृहात त्याचं चरित्र मोठ्याने वाचलं जाई. जो मजकूर वाचायचा, तो ‘लेजेंडा’. मजकूर खरा की रचलेला, याबद्दल हा शब्द मुळात काहीच बोलत नाही. मराठीतला ‘दंतकथा’ मात्र तोंड उघडण्याआधीच निकाल देऊन मोकळा होतो.

असिसीच्या संत फ्रान्सिसचं उदाहरण घ्या. तो वारला 1226 मध्ये. पोप नववा ग्रेगरी याच्या सांगण्यावरून चेलानोच्या थॉमसने त्याचं पहिलं चरित्र लिहिलं, पुढे आणखी भर घातली. मग फ्रान्सिसने स्थापलेल्या संन्यासी संघाचा प्रमुख बोनाव्हेंतुरा याने नवं चरित्र रचलं, ‘लेजेंडा मायोर’. संघाच्या महासभेने ते 1263 मध्ये स्वीकारलं आणि 1266 मध्ये पॅरिसच्या महासभेने आधीची सगळी चरित्रं नष्ट करण्याचा हुकूम काढला. थॉमसचे ग्रंथ आपल्यापर्यंत आले ते काही हस्तलिखितं वाचली म्हणून. एका संघाला आपली ओळख कोणत्या मजकुरावर उभी करायची आहे, हे ठरवण्याचा तो झगडा होता. ‘लेजेंडा मायोर’ला ‘मोठी दंतकथा’ म्हटलं की तो सगळा झगडाच मराठी वाचकापासून लपतो.

याच बोनाव्हेंतुराने ‘लेजेंडा मिनोर’ही लिहिली. तिची रचना पाहा : सात अध्याय, प्रत्येक अध्यायात नऊ पाठ. फ्रान्सिसच्या सणापासून पुढचे दिवस प्रार्थनेत म्हणता यावेत म्हणून ही विभागणी. मराठी माणसाला हे समजावून सांगायला लागू नये. आपल्याकडे सप्ताह असतो, पारायण असतं, त्यासाठी अध्याय पाडलेली पोथी असते. माझं मत विचाराल तर ‘लेजेंडा’चा आत्मा ‘पोथी’ या शब्दात आहे. थोरली पोथी, धाकटी पोथी. लेखात पहिल्यांदा ‘चरित्रपोथी’ लिहा, पुढे नुसतं ‘चरित्र’ चालेल.

प्रतिसाद

‘पोथी’ छान आहे, पण ‘पोथी’ म्हटलं की हिंदू धार्मिक ग्रंथ डोळ्यांपुढे येतो. मराठी ख्रिस्ती वाचकाला खटकेल का?

प्रतिसाद

मला खटकणार नाही, मी वसईचा. आणि ख्रिस्ती लेखनात असे शब्द पूर्वीपासून आहेत. थॉमस स्टीफन्सने 1616 मध्ये गोव्यातल्या राशोलला छापलेल्या आपल्या ग्रंथाला ‘पुराण’च म्हटलं, तेही ओव्यांत. तुमच्या विषयाला त्याहून जवळचं उदाहरण म्हणजे पादुआच्या संत अंतोनीचं चरित्र. आंतोनियु द साल्दान्य या जेझुइटाने (म्हणजे येशूसंघाच्या धर्मगुरूने) ते गोव्यात मराठी-कोकणीत लिहिलं आणि 1655 मध्ये छापलं, लिपी रोमन. त्याच्या नावात शब्द आहे ‘जीवित्वकथा’. लॅटिन ‘व्हिता’ म्हणजे जीवन, संताचं चरित्र या अर्थी. त्याला ‘जीवित्वकथा’ हा किती नेमका शब्द! मध्ययुगीन युरोपातल्या संताचं चरित्र आपल्या भाषेत साडेतीनशे वर्षांपूर्वी आलं आणि त्याला स्वतःचं नावही मिळालं, हे आपण विसरून गेलो. तुमच्या लेखात ‘व्हिता’ आलं तर ‘जीवित्वकथा’ जरूर वापरा.

अंतोनी 13 जून 1231 रोजी वारला आणि 30 मे 1232 रोजी, वर्ष पुरं व्हायच्या आत, त्याला संत जाहीर केलं गेलं. तुमची एलिझाबेथ 1231च्याच नोव्हेंबरात वारली.

प्रतिसाद

एलिझाबेथच्या बाबतीत ‘दंतकथा’ आणखी एका कारणाने चुकीची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हंगेरीचा राजा दुसरा आंद्रास याची ही मुलगी. चार वर्षांची असताना तिला जर्मनीतल्या थुरिंजियाच्या दरबारात आणलं, कारण लग्न तिथे ठरलं होतं. चौदाव्या वर्षी तिथल्या शासकाशी, लुडविगशी लग्न, विसाव्या वर्षी वैधव्य : तो 1227 मध्ये क्रूसेडच्या (धर्मयुद्धाच्या) वाटेवर इटलीतल्या ओत्रांतोला तापाने गेला. त्यानंतर तिने मारबुर्गला फ्रान्सिसच्या नावाने रुग्णालय उभारलं, स्वतः रोग्यांची सेवा केली आणि चोविसाव्या वर्षी वारली. संतपदाची चौकशी झाली तेव्हा तिच्या चार सेविकांच्या शपथेवर साक्षी घेतल्या. गुडा, इसेंट्रुड, इर्मगार्ड आणि तिच्याच नावाची एलिझाबेथ. त्या साक्षी ग्रंथरूपाने उरल्या आहेत, आणि पुढची सगळी चरित्रं त्यांवर उभी आहेत.

गुडा तिची लहानपणापासूनची सोबतीण. ती काय सांगते? एलिझाबेथ खेळता खेळता एका पायावर उड्या मारत चॅपलच्या दिशेने जायची, बाकीच्या मुलीही तिच्यामागून तशाच. दार बंद असलं तर ती उंबरठ्याचं, भिंतीचं चुंबन घ्यायची. म्हणजे खेळाच्या निमित्ताने देवळापर्यंत पोचायचं. लंगडी खेळणाऱ्या मुलीचं हे वर्णन कुणा कवीने रचलेलं नाही. जिने सोबत उड्या मारल्या तिने चौकशी अधिकाऱ्यांपुढे सांगितलेलं आहे. मला या सगळ्या वाङ्मयातली ही सर्वांत मौल्यवान ओळ वाटते. अशा मजकुराला आपण ‘दंतकथा’ म्हणालो, तर त्या चौघींचं बोलणं पुसून टाकल्यासारखं होईल. त्या काळात सेविकांचा शब्द सहसा कुणी लिहून घेत नसे, इथे घेतला गेला.

म्हाइंभटाने 13व्या शतकातच चक्रधरांच्या लीळा त्यांच्या सहवासातल्या माणसांना विचारून विचारून जमवल्या. तिथे आपण ‘आठवणी’, ‘लीळा’ म्हणतो. एलिझाबेथच्या त्या ग्रंथाला ‘सेविकांच्या साक्षी’ म्हणावं, दुसरं काही नको.

विचारणा करणारीचा प्रतिसाद

हे फार उपयोगी पडलं. पण मग गुलाबांच्या गोष्टीचं काय करू? ती गरिबांसाठी पदराआड भाकरी नेत असते, कुणीतरी अडवतं, पदर उघडल्यावर भाकरीच्या जागी गुलाब. लेखात तिलाही ‘लेजेंड’च म्हटलंय.

प्रतिसाद

तिथे ‘आख्यायिका’ लिहा, निःशंकपणे. चौघींच्या साक्षींत गुलाब नाहीत. ही गोष्ट नंतर जोडली गेली आणि तीच पोर्तुगालच्या राणी एलिझाबेथबद्दलही (1271–1336) सांगतात. ही राणी म्हणजे आपल्या एलिझाबेथच्या सावत्र बहिणीची नात. एकच गोष्ट दोन संतांना चिकटते तेव्हा ‘आख्यायिका’ हा शब्द आपलं काम चोख करतो.

इंग्रजीत एकाच ‘लेजेंड’मध्ये हे दोन्ही अर्थ मावतात, कारण शब्दाचा अर्थ हळूहळू घसरत गेला. आधी ‘वाचायचा मजकूर’, मग ‘संतांच्या गोष्टी’, मग ‘विश्वास ठेवू नये अशा गोष्टी’. युरोपात 16व्या शतकात झालेल्या धर्मसुधारणेच्या काळात तो घसरण्याचा वेग वाढला. 1643 मध्ये जेझुइट बोलांद आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अँटवर्पहून संतचरित्रांचे चिकित्सक खंड छापायला सुरुवात केली, जानेवारीत सण येणाऱ्या संतांपासून. जुनी हस्तलिखितं ताडून, कोणता थर आधीचा आणि कोणता नंतरचा हे वेगळं करायचं. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत हे आपलं भाग्य. ते दोन्ही वापरायचे, पण आपापल्या जागी.

प्रतिसाद

शब्दांचा विषय निघालाच आहे तर एक भर. 13व्या शतकात जेनोवाजवळच्या याकोपोने (पुढे तो तिथला आर्चबिशप झाला) संतांच्या कथांचा जो प्रचंड संग्रह केला, ‘लेजेंडा आउरेआ’, त्याची हस्तलिखितं आज हजाराच्या घरात सापडतात. त्यात बऱ्याच चरित्रांच्या सुरुवातीला तो संताच्या नावाची निरुक्ती, म्हणजे शब्दाची फोड करून अर्थ देतो. संत चेचिलियाचं नाव चेचिलिया का? तर ‘चेली लिलिया’, स्वर्गाची लिली. ‘चेचिस व्हिया’, आंधळ्यांची वाट. एलिझाबेथ म्हणजे ‘माझ्या देवाने जाणलं’, किंवा ‘माझ्या देवाची सातवी’, किंवा ‘माझ्या देवाची तृप्ती’. सातवी का, तर तिने दयेची सातही कामं केली : भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी वगैरे.

आधुनिक भाषाशास्त्राने पाहिलं तर यातलं थोडंच टिकतं. पण वेदातल्या शब्दांची फोड करणारं यास्काचं निरुक्त ज्याने चाळलं आहे तो नाक मुरडणार नाही. नावात गुण दडलेला असतो आणि तो शोधून सांगणं हेच चरित्राचं मंगलाचरण, अशी ती दृष्टी आहे. अनुवादात या निरुक्ती गाळू नका, मराठीत त्या अगदी आपल्या वाटतात.

प्रतिसाद

आता ताईंचे राहिलेले शब्द.

‘ट्रान्सलेशन’ : मूळ अर्थ ‘पलीकडे वाहून नेणे’. भाषेच्या बाबतीत तो भाषांतर झाला, संताच्या बाबतीत अस्थी पहिल्या थडग्यातून काढून मानाच्या जागी नेणं. मारबुर्गला 1 मे 1236 रोजी हेच झालं. सम्राट दुसरा फ्रेडरिक स्वतः हजर होता, साध्या राखाडी वस्त्रात आणि अनवाणी, आणि त्याने तिच्या मस्तकावर मुकुट ठेवला. हयातीत जिने राजवैभव सोडलं तिला सम्राट मुकुट घालतो, हे दृश्य ‘स्थलांतर’ या कोरड्या शब्दात मरतं. इथे ‘अवशेषांची प्रतिष्ठापना’ म्हणा. पण इटलीतल्या बारीच्या खलाशांनी 1087 मध्ये संत निकोलसच्या अस्थी आजच्या तुर्कस्तानातल्या मायराहून उचलून आपल्या गावी नेल्या, तिथे ‘नेल्या’ हे साधं क्रियापदच खरं. दोन्हीला लॅटिन शब्द एकच असला तरी मराठीत एक असायची गरज नाही.

‘रेलिक’ : ‘अवशेष’ पुरे. ‘अस्थी’ म्हटलं तर अर्थ आकसतो, कारण वस्त्रं, केस, वापरातल्या वस्तूही त्यात येतात. एलिझाबेथचं शव ठेवलं होतं तेव्हाच लोकांनी तिच्या वस्त्राच्या चिंध्या फाडून नेल्या, केस आणि नखं कापून नेली. हे वाचून अंगावर काटा येतो. पण ती माणसं लूट करत नव्हती, जिने आपली सेवा केली तिचा कण जवळ ठेवत होती. याच संदर्भात एक मागणं : जुन्या गोव्यातल्या फ्रान्सिस झेवियरच्या सोहळ्याला मराठी वर्तमानपत्रं ‘शवप्रदर्शन’ लिहितात. भाविकाच्या बाजूने तो शब्द फार कठोर आहे. ‘पवित्र अवशेषांचं दर्शन’ लिहायला काहीच अडचण नाही.

‘कन्फेसर’ : इथे नीट पाहा. तुमच्या लेखात मारबुर्गचा कॉनराड एलिझाबेथचा ‘कन्फेसर’ आहे, म्हणजे तिचं पापनिवेदन ऐकणारा गुरू. फार कडक माणूस, तिला त्याने फटकेही मारवले. पण इंग्लंडचा राजा एडवर्ड (मृत्यू 1066, संतपद 1161) याला ‘द कन्फेसर’ म्हणतात ते वेगळ्या अर्थाने : ज्याने प्राण न गमावता आयुष्यभर श्रद्धेची ग्वाही दिली तो. प्राण देणारा तो ‘रक्तसाक्षी’, हा शब्द मराठी चर्चमध्ये रुळलेला आहे. त्याच्या जोडीला एडवर्डसाठी ‘श्रद्धासाक्षी’ चांगला बसतो. कॉनराडला तो लावू नका.

विचारणा करणारीचा प्रतिसाद

आणि ‘कॅननायझेशन’? मी ‘संतपद बहाल केलं’ लिहिलंय.

प्रतिसाद

चालेल, पण ‘बहाल’मध्ये दरबारी इनामाचा वास येतो. ‘कॅनन’ म्हणजे इथे अधिकृत यादी. पोप नवव्या ग्रेगरीने 27 मे 1235 रोजी इटलीतल्या पेरुजा इथे एलिझाबेथचं नाव त्या यादीत घातलं. ‘संतमालिकेत समावेश केला’ हे अर्थाला धरून आहे आणि कानालाही बरं लागतं. त्याआधीच्या पायरीला, ‘ब्लेसेड’ला, ‘धन्य’ म्हणतात, कोकणीत ‘भागिवंत’.

एक सावधगिरी. मराठी ‘संत’ संस्कृत ‘सत्’पासून आला, लॅटिन ‘सांक्तुस’ वेगळ्या धातूपासून, ज्याचा अर्थ पवित्र ठरवणे, विधीने पक्कं करणे. आवाज जुळतो, कूळ जुळत नाही. आणि फरक खोल आहे : ज्ञानदेवांना किंवा जनाबाईला कुणी चौकशी करून संत ठरवलं नाही, लोकांनी अभंग गायले आणि ते संत झाले. युरोपातही सुरुवातीची अनेक शतकं असंच लोकांच्या भक्तीवर आणि स्थानिक बिशपच्या मान्यतेवर चालायचं. पोपने केलेली पहिली अधिकृत घोषणा आउग्सबुर्गच्या उल्रिखची, 993 मध्ये. 1234च्या धर्मकायद्यानंतर तो अधिकार फक्त रोमचा. त्यामुळे लेखात ‘एलिझाबेथ संत झाली’ आणि ‘एलिझाबेथला संत घोषित केलं’ ही दोन वाक्यं वेगवेगळ्या जागी वापरा. पहिलं मारबुर्गच्या रुग्णालयातल्या रोग्यांसाठी, दुसरं पेरुजासाठी.