अँबॅसिडरमध्ये कॉन्टेसाचं इसुझू इंजिन : फाउंडेशन (इंजिनाची रबरी बैठक) जमत नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, गाडी १९७८ ची अँबॅसिडर मार्क ३. मूळचं १४८९ सीसी इंजिन ऑइल प्यायला लागलंय आणि आता बोअर करायलाही (सिलिंडर आतून कापून मोठे करायलाही) जागा नाही. म्हणून हिंदुस्तान मोटर्सच्याच कॉन्टेसाचं १८१७ सीसी इसुझू इंजिन, पाच गिअरच्या बॉक्ससकट आणलं. हिंदुस्तान मोटर्सने पुढे अँबॅसिडरलाही इसुझूचं १.८ दिलं होतं, पण त्याचे तयार ब्रॅकेट मला कुठे मिळेनात.

फॅब्रिकेटरने ६ एमएम प्लेटचे ब्रॅकेट केले, रबरं सपाट आडवी ठेवली. चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) क्रॉसमेंबरला, म्हणजे चेसिसच्या आडव्या पट्टीला, लागत होता, म्हणून पुढच्या दोन्ही फाउंडेशनखाली २५ एमएम पॅकिंग दिलं. आता दोन दुखणी आहेत. डावं रबर प्लेटपासून सुटतंय, उजवं ठणठणीत. आणि साठच्या पुढे फ्लोअरखालून घरघर येते. गॅरेजवाला म्हणतो, ट्रकचं कडक रबर टाका. टाकू का?

प्रतिसाद १ :
अजिबात नको. कडक रबराने आयडलची (गाडी उभी असताना चालू इंजिनाची) सगळी थरथर बॉडीत उतरेल. ॲक्सिलेटर दाबला की इंजिन उजवीकडे कलंडतं, म्हणजे उजवं रबर दाबलं जातं आणि डावं वर खेचलं जातं. रबर दाब सोसतं, ताण नाही. ब्रॅकेट दोन्हीकडून आत, साधारण ४५ अंशात तिरके करा. डाव्या रबराला मधून आरपार बोल्ट असलेला प्रकार बघा, रबर फाटलं तरी इंजिन उसळणार नाही. सायलेन्सरचा पाइप जवळ असेल तर मध्ये पत्रा लावा.

प्रतिसाद २ :
घरघर वेगळी. साठला न्यूट्रल करून गाडी घरंगळू द्या. आवाज गेला तर इंजिनाकडे बघा, राहिला तर प्रॉपेलर शाफ्टकडे, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्याकडे.

धागाकर्ता :
न्यूट्रललाही तस्साच. टायर बदलून पाहिले, फरक नाही.

प्रतिसाद २ :
मग तुमचं पॅकिंगच नडतंय. इंजिनाचं तोंड वर गेलं की बॉक्सचं शेपूट खाली कलतं. पुढचा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा) शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो, मागचा क्रॉस तो झोल काढून टाकतो; पण दोन्हीकडचे कोन सारखे असले तरच. मोबाइलमधलं लेव्हल चालेल, एकदा क्रँक पुलीच्या तोंडाला, एकदा डिफरन्शियलच्या (मागच्या ॲक्सलवरच्या गिअरांच्या डब्याच्या) फ्लँजला लावा. गाडी चाकांवर उभी हवी, जॅकवर नाही. किती येतंय?

धागाकर्ता :
बॉक्स मागे ५ अंश खाली, डिफरन्शियलचं नाक ३ अंश वर.

प्रतिसाद २ :
दोन अंशांची तफावत. बॉक्सच्या फाउंडेशनखाली पॅकिंग देऊन शेपूट उचला. पुढच्या-मागच्या फाउंडेशनमध्ये ९० सेंमी असतील तर एका अंशाला साधारण १६ एमएम लागतात. बॉक्स टनेलला (फ्लोअरच्या मधल्या उंचवट्याला) घासत नाही ना, ते हात घालून बघा. आधी मागची बाजू पक्की करा, मग इंजिनाचं पूर्ण वजन रबरांवर सोडून पुढचे ब्रॅकेट नुसते टॅक मारा (वेल्डिंगचे ठिपके देऊन तात्पुरते धरा). फॅन, चेंबर, बॉनेट बघूनच पुरं वेल्डिंग. आणि इंजिन ते बॉडी अर्थची जाड पट्टी टाका, नाहीतर सेल्फ मारताना करंट ॲक्सिलेटर केबलमधून वाट काढतो.

प्रतिसाद ३ :
आरटीओची परवानगी काढली का? आरसीवर इंजिन नंबर बदलावा लागेल. शिवाय २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षं उलटलेली गाडी व्हिंटेज धरतात, पण इंजिनात मोठा बदल केलेली नाही. तुमची २०२८ ला पन्नाशी. जुनं इंजिन भंगारात घालू नका.

धागाकर्ता :
अर्ज दिलाय. जुनं इंजिन ग्रीस फासून पोत्यात बांधून ठेवलंय. रविवारी मागून सुरुवात करतो. बॉक्सखाली पॅकिंग लोखंडी प्लेटचं घेऊ की ॲल्युमिनियमचं?