लिस्टेड घराला चार वर्षांची मुदत लागू नाही

‘घरातल्या बेकायदा बदलाला चार वर्षं उलटली की कौन्सिल (तिथली नगरपालिका) काही करू शकत नाही’ असं कुणीतरी लिहिलंय. इंग्लंडात साध्या घरापुरतं ते खरं होतं, आणि एप्रिल २०२४ पासून तिथेही ही मुदत चारऐवजी दहा वर्षांची झाली. लिस्टेड, म्हणजे वारसा म्हणून सरकारी यादीत नोंदलेल्या इमारतीला मात्र मुदतच नाही. अशा इमारतींसाठीच्या १९९० च्या कायद्यानुसार गुन्हा ज्याने तोडफोड केली त्याचा. पण सगळं पूर्ववत करण्याची नोटीस येते ती आजच्या मालकाला, म्हणजे घर विकत घेतलंत तर तुम्हाला.

आम्ही पाहिलेल्या ग्रेड टू (लिस्टेडमधलाच एक दर्जा) घराच्या मागच्या खिडक्या परवानगी न घेता बसवलेल्या, प्लॅस्टिकच्या होत्या. दोन काचांमधल्या पट्टीवर २००९ चक्क छापलेलं! विकणारा म्हणाला, इन्डेम्निटी पॉलिसी, म्हणजे पुढे कारवाई झालीच तर नुकसान भरून देणारा विमा, काढून देतो. आमच्या सॉलिसिटरने पहिला प्रश्न विचारला, ‘कौन्सिलशी बोललात का?’ कारण तिथे चौकशी केली की अशी पॉलिसी बहुधा मिळतच नाही. आणि मी शहाणा, आदल्याच आठवड्यात फोन करून बसलो होतो. तसंही पॉलिसी फार तर पैसे देते, खिडक्यांना परवानगी नाही. शेवटी विकणाऱ्यालाच आधी परवानगी आणा म्हटलं, तर त्याने दुसरं गिऱ्हाईक शोधलं.